कडक भाकरी, शेंगा चटणी आणि लहान झालेलं पोट

प्रश्न असा आहे: वय 38, राहणार जुळे सोलापूर. सात महिन्यांपूर्वी वजन कमी करण्यासाठी स्लीव्हचं ऑपरेशन झालं. वजन 112 किलोवरून 84 वर आलं. पण गेले तीन आठवडे काटा हलत नाही. केस मूठमूठ गळताहेत. मटण, चपाती, भात घशाखाली अडकतो, कडक भाकरी मात्र चालते. सासूबाईंचं म्हणणं, "ही काही खातच नाही." संक्रांत, गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा), हुरडा तोंडावर आलंय. काय खाऊ, किती खाऊ, आणि वजन परत तर नाही ना वाढणार?

ताई, तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. "कडक भाकरी मात्र चालते." केसांचं आणि काट्याचं बोलूच, पण आधी या भाकरीकडे येते. सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करायला लागून मला अठरा वर्षं झाली. ऑपरेशननंतर उतरलेलं वजन पुन्हा चढलेले जे पेशंट माझ्यासमोर बसले, त्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट इथूनच सुरू झाली होती.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरते केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी. मऊ चपाती, पाव, मोकळा भात हे पदार्थ थुंकीत भिजले की त्यांचा कणकेसारखा गोळा होतो आणि तो नळीच्या तोंडाशी बसतो. छातीत दाटतं, तोंडाला पाणी सुटतं, कधी घास उलटून येतो. कडक भाकरीचं तसं होत नाही. दाताखाली तिचा भुगा होतो आणि तो भुगा सरसर खाली उतरतो. त्रास नाही, पण पोट भरल्याची जाणीवही नाही. अर्ध्या तासाने हात पुन्हा डब्यात. चिवडा, खारी, शेव, बिस्किटं, चुरमुऱ्याचा सुशीला, सगळे याच जातीचे. माझ्या पेशंटना मी यांना "घसरणारे पदार्थ" म्हणायला शिकवलंय.

तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेल्या एक बाई मागे माझ्याकडे आल्या होत्या. वजन नऊ किलोंनी परत वाढलेलं. त्यांची आहाराची वही बघितली तर शहाण्या मुलासारखी: अर्धी वाटी वरण, दोन घास भाजी, एक अंडं. कुठे गडबड दिसेना. सोबत आलेली मुलगी सहज म्हणाली, "मॅडम, आई दिवसभर काही खात नाही, नुसती कडक भाकरी मोडत असते चटणीबरोबर." चटणी किती लागते विचारलं, तर पाव किलोचं पाकीट आठवड्यात संपायचं. मग आम्ही तिथेच हिशेब मांडला. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात जवळपास 565 कॅलरी असतात, म्हणजे पाव किलो चटणीत 1400 च्या आसपास. रोजच्या 200 तिथे गेल्या. वर दोन-तीन कडक भाकऱ्या, प्रत्येकीत सव्वाशे-दीडशे कॅलरी. "काही न खाता" पोटात दिवसाला पाचशे-सहाशे कॅलरी जात होत्या. वहीत त्यातलं एक अक्षर नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ते खाणं नव्हतंच.

याचा अर्थ कडक भाकरी विष आहे असा घेऊ नका. ज्वारी आपलं पीक, आपली ओळख. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन उगीच नाही मिळालं. आणि आपली शेंगा चटणी! उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली ती चटणी सोडा असं सांगायची माझी हिंमतही नाही. पण ती आता मोजून. चहाचा चमचा, भाजीचा मोठा चमचा नव्हे, आणि ताटात वाढून घेतलेली. डबा मांडीवर घेऊन बसायचं नाही. भाकरी खायची ती जेवणात आणि शेवटी.

शेवटी का, ते सांगते, कारण सगळ्या उत्तराचा कणा तोच आहे. तुमच्या पोटात आता एका वेळी जेमतेम वाटीभर अन्न मावतं. त्या वाटीत आधी भाकरीचा भुगा गेला तर प्रथिनाला जागा उरत नाही. ऑपरेशननंतर दिवसाला कमीत कमी 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. बहुतेकांना 60 ते 80. ती कमी पडली की शरीर स्नायू मोडून खातं, केस गळतात, थकवा येतो. म्हणून ताटात आधी अंडं, मासा, पनीर, घट्ट डाळ, सोयाबीन, मग भाजी, आणि जागा राहिलीच तर चतकोर भाकरी.

आपल्याकडे "वरण खाते की" हे उत्तर मला रोज ऐकू येतं. वाटीभर पातळ वरणात चार-पाच ग्रॅम प्रथिनं असतात, बाकी पाणी. अख्ख्या ज्वारीच्या भाकरीत पाच-सहा. अंड्यात सहा. पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ. वीस ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये दहा, आणि ते किंमतीला सगळ्यांत परवडणारे. शिजवलेल्या पन्नास ग्रॅम माशात दहा-अकरा. हे आकडे पाठ करू नका, फ्रिजवर चिकटवा.

तुमच्यासाठी एक दिवस असा बसवून बघितला. सकाळी आठला एक पूर्ण अंडं आणि एकाचं पांढरं. साडेदहाला बिनसाखरेच्या दीडशे मिली दुधात अर्धा चमचा व्हे प्रोटीन, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची पावडर (डब्यातला मोठा चमचा, चहाचा नव्हे). या दुधातूनच सतरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. दुपारी एकला माशाचा तुकडा किंवा पनीरची भुर्जी, दोन-तीन चमचे घट्ट डाळ, थोडी भाजी, चतकोर भाकरी. साडेचारला कपड्यात बांधून पाणी काढलेलं दही, अर्धी वाटी, त्यात साखर न घालता चिमूटभर जिरेपूड. रात्री आठच्या आत सोया चंक्स बारीक करून केलेला खिमा आणि दोन घास भाजी. बेरीज 60 च्या थोडी वर जाते. पावडर आवडत नसेल तर तिच्याशिवायही जमतं, पण मग तेवढी प्रथिनं अंडं, पनीर किंवा सोयातून भरून काढावी लागतात. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच.

पूर्वी मी हे असं सांगत नव्हते. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे इंग्रजीतला एक छापील तक्ता होता: ओट्स, ब्रोकोली, ग्रीक योगर्ट. मंगळवार पेठेतल्या एका आजोबांना मी तो दिला. महिन्याभराने तो घडी न मोडता परत आला. आजोबा म्हणाले, "मॅडम, यातलं आमच्या गल्लीत काय मिळतं तेवढं खुणा करून द्या." खुणा करायला गेले तर फक्त दूध आणि अंडं उरलं. त्या दिवशी तक्ता केराच्या टोपलीत गेला.

आता मटण अडकण्याचं. सात महिन्यांत ते जमायला हवं होतं असं काही नाही. लाल मांसाच्या धाग्यांना वेळ लागतो, काहींना वर्षभर लागतो. तोवर कुकरला नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त देऊन मऊ केलेला खिमा करून बघा, आणि वर तर्री नको. त्याहून सोपा मासा. उजनी धरणाचा मासा आपल्याकडे ताजा मिळतो, मऊ असतो, काटे काढून दिला तर ज्यांना कोंबडीही अडकते त्यांच्याही पोटात बसतो.

पण अर्धा दोष पदार्थाचा नसतोच. माझ्या क्लिनिकमध्ये मी पेशंटला समोर बसवून एक घास खायला लावते. गेल्या महिन्यात एक जण, यंत्रमागावर काम करणारे, डबा घेऊनच आले होते. पहिला घास त्यांनी सात वेळा चावला आणि गिळला. लगेच दुसरा हातात तयार. कारखान्यात जेवायला मोजून वेळ मिळतो, सवय तीच. त्यांना सांगितलं, घास अंगठ्याच्या नखाएवढा घ्या, तोंडात पेज होईपर्यंत चावा, गिळला की हात ताटाबाहेर ठेवा, मनात वीस अंक मोजा, मग पुढचा. चौथ्या घासाला ते म्हणाले, "बास, भरलं." एरवी याच डब्यातलं जेवण त्यांना दर दुपारी अडकायचं. तुम्हीही आठवडाभर असं करून बघा. जेवण वीस-पंचवीस मिनिटं चाललं पाहिजे, आणि पोट भरल्याचा पहिला इशारा आला की थांबायचं. कोणाला उचकी लागते, कोणाचं नाक गळायला लागतं. तुमचा इशारा कोणता ते तुम्हालाच ओळखावं लागेल. त्यानंतरचा एक घास, "ताटात टाकू नये" म्हणून खाल्लेला, तोच उलटतो.

घरातल्या बायकांना ही ताटात न टाकण्याची शिकवण फार महागात पडते. मुलांच्या ताटातलं उरलेलं, पातेल्याच्या तळाचं, डब्यात राहिलेलं. आधी स्वतःला कमी वाढून घ्या, लहान ताटलीत. बाकीचं फ्रिजमध्ये ठेवा. तुमचं पोट भांडं रिकामं करायची जागा नाही.

पाणी. जेवताना घोट घोट पाणी प्यायची आपली सवय मोडायला सगळ्यांत जड जाते, हे मला माहीत आहे. पण पाण्याने अन्न वाहून पुढे जातं, पोट लवकर रिकामं होतं, किंवा दाटून उलटी होते. जेवणासोबत पाणी नको, जेवणानंतर अर्धा तास नको. बाकी दिवसभर छोट्या घोटांनी दीड ते दोन लिटर. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 43-44 ला टेकतो, तेव्हा त्याहून जास्त. एकदम तांब्याभर तुम्हाला आता पिता येणार नाही, त्यामुळे तहान लागायची वाट बघितली तर दिवस संपतो आणि पाणी अर्धंच गेलेलं असतं. बाटली सतत जवळ हवी. पातळ ताक चालेल, तेही जेवणापासून लांब. उसाचा रस, सरबत, कोल्ड्रिंक नको. पातळ साखर घसरण्यात कडक भाकरीच्याही पुढे आहे. गोड एकदम पोटात गेलं की काहींना धडधड, घाम, पोटात मुरडा, गळून गेल्यासारखं होतं. वजनासाठी जठराचं बायपास ऑपरेशन झालेल्यांना हे जास्त होतं, स्लीव्हवाल्यांनाही कधी कधी होतं.

चहा दिवसातून दोनदा, अर्धा कप, बिनसाखरेचा, जेवणापासून आणि लोहाच्या गोळीपासून लांब. चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही.

गोळ्यांचं थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण इथेच सगळे ढिले पडतात. सहा महिने झाले, बरं वाटतंय, आता कशाला? मल्टिव्हिटॅमिन, बी-12, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि लोह या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. जठराचा जो भाग काढला त्यातच बी-12 शोषायला मदत करणारा पदार्थ तयार होत असे. अन्नातून कितीही आलं तरी आता ते पूर्वीसारखं लागत नाही. बी-12 गोळीने घ्यायचं की महिन्याच्या इंजेक्शनने, हे डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतील. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातलं घ्या, ते कमी आम्ल असलेल्या पोटातही शोषलं जातं. दिवसाचं एकूण 1200 ते 1500 मिलिग्रॅम होतं, पण एका वेळी 500-600 च्या वर शरीर घेत नाही, म्हणून दोन-तीन वेळा विभागून. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. माझा सोपा उपाय: कॅल्शियम खाण्यासोबत, लोह रात्री झोपताना. पाळी सुरू असलेल्या बाईला लोह जास्त लागतं, हे तुमच्या बाबतीत विसरू नका.

केसांचं त्याच्याशीच जोडलेलं आहे. झपाट्याने वजन उतरलं की तिसऱ्या महिन्यापासून पुढे काही महिने केस गळतात. ऑपरेशनचा धक्का बसलेली मुळं एकदम विश्रांतीला जातात, त्याचा हा उशिरा दिसणारा परिणाम. बहुतेकींचे केस वर्षाच्या आतबाहेर परत येतात. मात्र सातव्या महिन्यातही मूठमूठ जात असतील तर प्रथिनं, लोह किंवा जस्त कमी पडत असण्याची शक्यता धरायला हवी. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-12, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड एवढं तपासून घ्या. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या बायोटिनच्या महागड्या बाटलीवर पैसे घालण्याआधी हे.

काटा तीन आठवडे थांबला म्हणून घाबरू नका. सात महिन्यांत 28 किलो उतरले आहेत, शरीर मधूनमधून असं थबकतंच. बहुतेकांचं वजन बारा ते अठरा महिन्यांपर्यंत उतरत राहतं. रोज वजन करणं बंद करा, आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी. कंबर टेपने मोजा. काटा अडलेला असताना ब्लाउज ढिला होत असेल तर काम चालू आहे. चालता का, ते तुम्ही लिहिलं नाही. सकाळी संभाजी तलावाकाठी किंवा कॉलनीतच तीस-चाळीस मिनिटं चाला, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना जोर द्या: खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणं, भिंतीला हात लावून दंड, दोन्ही हातांत लिटरभर पाण्याच्या बाटल्या. जिम लागत नाही. नुसतं चालण्याने स्नायू टिकत नाहीत.

वजन परत वाढेल का? खरं सांगते. दोन वर्षांनंतर थोडंफार वाढणं बहुतेकांच्यात दिसतं, तीन-चार किलोंनी कोणी खचू नये. पण आत्ता भूक कमी आहे, ती कायम अशी राहणार नाही. काढलेल्या भागात भूक जागवणारं हार्मोन तयार व्हायचं, म्हणून पहिलं वर्ष सोपं जातं. पुढे भूक हळूहळू परतते. ती परतेल तेव्हा हात कुठे जाईल, डब्यात की ताटात, हे या वर्षात ठरतं. म्हणून तर भाकरीपासून सुरुवात केली.

सासूबाईंना एकदा सोबत घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. त्यांची काळजी खरी आहे, फक्त त्यांचं माप जुनं आहे. माझ्या एका पेशंटच्या सासूने पनीर घरी करायचं आणि दह्याचं फडकं बांधायचं काम अंगावर घेतलं, मग "ही काही खात नाही" बंद झालं. एकादशी, सोमवार धरत असाल तर निर्जळी उपवास नको, आणि साबुदाण्यात प्रथिनं नावालाच असतात. त्या दिवशी दूध, घट्ट दही, पनीर, थोडा राजगिरा. देव समजून घेतो, पोट घेत नाही.

काही गोष्टींना वाट बघू नका. दिवसभर पाणीही पोटात टिकत नसेल, ताप, छातीची धडधड, पोटात जोरात दुखणं, काळं शौच, उजव्या बरगडीखाली कळ (वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात) यांपैकी काहीही झालं तर थेट सर्जनकडे. उलट्या दिवसेंदिवस चालू असतील आणि पायांना मुंग्या, तोल जाणं, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं सुरू झालं तर त्याच दिवशी दवाखाना. बी-1 कमी पडल्याने मेंदूला इजा होऊ शकते आणि ती रोखता येते. अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणून घेऊ नका, जठरात जखम होऊ शकते. मिश्री लावत असाल तर तीही सोडा, निकोटिन ते निकोटिन. आणि पहिलं दीड वर्ष गर्भ राहू देऊ नका.

राहिले सण. भोगीची भाजी तर तुमच्यासाठीच केल्यासारखी आहे: वांगं, गाजर, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, तीळ, सगळं मऊ शिजलेलं. तेल बेताचं घालायला सांगा आणि खा, बाजरीची भाकरी चतकोर. तिळगूळ एक, तोही लहान. शेंगापोळी हवीच असेल तर जेवणात आधी प्रथिनं खाऊन शेवटी चतकोर, सावकाश; गूळ रिकाम्या पोटी पडू देऊ नका. गड्ड्यातल्या अक्षता सोहळ्याला जाल तेव्हा गर्दीत तासन् तास उभं राहावं लागतं, पाण्याची बाटली आणि एक उकडलेलं अंडं किंवा पनीरचे तुकडे पिशवीत असू द्या. भुकेल्या पोटी यात्रेच्या होम मैदानावर उतरलात तर भज्यांच्या कढईपुढे कोणाचाच निश्चय टिकत नाही, माझाही नाही.

हुरड्याला नक्की जा. कोवळे दाणे गोड लागतात आणि आहेत शेवटी ज्वारीचेच, तेव्हा मूठभर घ्या, एकेक दाणा चावून. सोबत दही घ्या, चटणी चहाच्या चमच्याने. गूळ आणि शेवेचं ताट शेजारच्याकडे सरकवा, आणि शेतातून परत येताना कोणी डबा भरून द्यायला लागलं तर तो सासूबाईंच्या हातात द्या.